जातिवंत कुत्रा आणि बंद वही

मराठीत आपण कुत्र्याबद्दल विचारतो, "कुठल्या जातीचा?" उत्तरात एखादे इंग्रजी नाव आले की तो 'जातिवंत', नाहीतर 'गावठी'. मधला काही प्रकारच नाही. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या दिरांच्या नातीने पिल्लू घ्यायचे ठरवले, तेव्हा विकणाऱ्याने पिल्लाच्या आधी त्याचे कागद पुढे केले म्हणे. आईबाप, आजे-आज्या, पणजे, सगळ्यांची लांबलचक नावे आणि त्यातल्या कितीतरी नावांमागे चँपियन. तिने फोनवर विचारले, "आजी, एवढे खानदान असले म्हणजे पिल्लू चांगलेच निघेल ना?"

फोनवर तिला दोन वाक्यांत उत्तर दिले. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला दोन वाक्यांनी समाधान कसे व्हावे? म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे. कुत्र्यांच्या खानदानाचाही इतिहास आहे, आणि तो आपल्याला वाटतो तितका जुना नाही.

त्या कागदाला पेडिग्री म्हणतात. आपल्याकडे पेडिग्री म्हटले की कुत्र्याच्या खाण्याचे पाकीट डोळ्यांपुढे येते, पण मूळ शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ क्रौंच पक्ष्याचा पाय. वंशावळ लिहिताना बापाच्या नावाखालून मुलांच्या नावांकडे रेघा फाकवत नेत, त्या क्रौंचाच्या पावलासारख्या दिसत. माणसांसाठी निघालेला हा शब्द पुढे घोड्यांना लागला, मग गाईबैलांना, आणि सर्वात शेवटी कुत्र्यांना.

हा क्रम समजून घेण्यासारखा आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये रॉबर्ट बेकवेल नावाचा शेतकरी होता (१७२५ ते १७९५). आपल्याला हवे तसे मेंढे पैदा करायचे तर जवळच्या नात्यातच जोड लावायची, ही पद्धत त्याने पद्धतशीर वापरली. बापाशी लेक, भावाशी बहीण. चार-सहा पिढ्यांत सगळा कळप एका साच्यातून काढल्यासारखा दिसू लागे. मांस भरपूर, वाढ झटपट. लोक थक्क झाले. १७९१ साली शर्यतीच्या घोड्यांची वंशनोंदवही निघाली. १८२२ साली शॉर्टहॉर्न गाईंची निघाली. आणि १८२६ साली बर्क यांनी इंग्लंडच्या सरदार घराण्यांची वंशावळ छापली. घोडे, गाई आणि सरदार यांची खानदाने एकाच पस्तीस वर्षांत पुस्तकात बसली, हा योगायोग मला वर्गात सांगायला फार आवडला असता.

कुत्र्यांचे काय चालले होते? तोपर्यंत कुत्र्याची 'जात' म्हणजे त्याचे काम. मेंढ्या राखणारा, ससे धरणारा, बिळात शिरणारा, शिकारी पक्ष्याचा माग दाखवणारा. चांगले काम करणारा कुत्रा दुसऱ्या चांगले काम करणाऱ्या कुत्रीला लावायचा. रंगरूप थोडे वेगळे असले तरी कुणाचे अडत नसे. ऑर्फर्डच्या उमरावाने आपल्या ग्रेहाउंडमध्ये धीटपणा यावा म्हणून बुलडॉगचे रक्त आणले, अशी गोष्ट इंग्रज शिकारी मोठ्या कौतुकाने सांगत. त्यात कुणाला बाटल्यासारखे वाटले नाही.

मग १८५९ साली न्यूकॅसल गावी कुत्र्यांचे प्रदर्शन भरले. पॉइंटर आणि सेटर या दोनच प्रकारच्या शिकारी कुत्र्यांचे. बक्षीस म्हणून बंदूक. रेल्वे झालेली होती, शहरांत पैसा आलेला होता, प्रदर्शनांची लाटच उसळली. पण प्रदर्शन म्हटले की वशिलेबाजी आली, एकाच नावाचे दहा कुत्रे आले, खोटी वंशावळ आली. या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी १८७३ साली सेवॅलिस शर्ली या गृहस्थांच्या पुढाकाराने लंडनला केनेल क्लबची स्थापना झाली. पुढच्याच वर्षी पहिली वंशनोंदवही छापली गेली आणि तीत चार हजारांवर कुत्र्यांची नावे आली. १८८४ साली अमेरिकेतही असाच क्लब निघाला.

हेतू वाईट नव्हता. फसवणूक थांबवायची होती. पण वहीबरोबर हळूहळू एक नियम रूढ झाला. ज्याचे आईबाप वहीत, तोच वहीत. बाहेरचा कुत्रा कितीही देखणा, कितीही धडधाकट असो, त्याला प्रवेश नाही. थोडक्यात, वही बंद झाली.

बंद झाली म्हणजे नेमके काय झाले? आपल्या घरातल्या पुस्तकाशी ताडून पाहा. कोकणस्थांच्या कित्येक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, आपल्याही कपाटात एक आहे. त्यात दर पिढीला पत्नीचे माहेरचे नाव दिलेले असते. म्हणजे वही एका घराण्याची, पण दर पिढीत तिच्यात दुसऱ्या घरचे माणूस येते. सगोत्र विवाह निषिद्ध मानला, त्याने ही ये-जा चालू राहिली. (गोत्र बापाकडूनच मोजतात, आईकडचे नाते त्यात धरत नाहीत. मामाची मुलगी करण्याची रीतही आपल्याकडे कितीतरी समाजांत आहे. तेव्हा गोत्र म्हणजे आनुवंशशास्त्र, असा अभिमान कुणी बाळगू नये. शिवाय जातीबाहेर आपली वहीही उघडत नव्हती, हेही खरेच.) तरी माणसांमध्ये प्रत्येक जण थोडा तरी वेगळा जोडीदार शोधतो आणि बहुतेकांना मुले होतात.

कुत्र्यांच्या वहीत तसे नाही. तिथे एक नर प्रदर्शनात पहिला आला की शेकडो माद्या त्याच्याकडेच आणतात. दुसरा, तिसरा आलेल्यांना कुणी विचारत नाही. पुढच्या पिढीत त्याच नराची मुले आणि मुली एकमेकांसमोर येतात. सुएल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२२ साली हे मोजण्याचे सूत्र दिले. सख्ख्या चुलत-मावस भावंडांची संतती असेल तर आकडा येतो सव्वासहा टक्के. सावत्र भावंडांची असेल तर साडेबारा. सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची असेल तर पंचवीस. म्हणजे दर चार जनुकांपैकी एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याचा संभव.

प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. आपल्या सगळ्यांच्या अंगात अशा काही बिघडलेल्या प्रती असतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. नात्यातल्या जोडीत मात्र तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येते, आणि झाकलेला दोष उघडा पडतो. २००८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या दहा जातींच्या वंशावळी तपासल्या. कुत्रे हजारोंनी, पण त्यांतले वैविध्य मोजले तर दोन जाती सोडून बाकीच्या जणू चाळीस ते ऐंशी कुत्र्यांपासूनच चालल्या होत्या. गाव मोठे, पण कुळे पन्नास-साठच, असा प्रकार.

आता एका जातीची गोष्ट सांगते, कारण एका उदाहरणाने जे कळते ते दहा आकड्यांनी कळत नाही.

डाल्मेशियन सगळ्यांना माहीत आहे. पांढरा शुभ्र, अंगभर काळे किंवा तपकिरी ठिपके. नाव ॲड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशिया प्रांतावरून पडलेले, पण जात घडली ती इंग्लंडात. श्रीमंतांच्या घोडागाडीबरोबर हे कुत्रे पळत. पुढे अमेरिकेत आगीच्या बंबाच्या घोड्यांबरोबर पळू लागले. डोडी स्मिथ यांनी १९५६ साली एकशे एक डाल्मेशियनांची गोष्ट लिहिली, १९६१ साली डिस्नेने तिच्यावर चित्रपट काढला आणि ठिपक्यांचा कुत्रा जगभर पोचला.

या कुत्र्याच्या पोटात एक वेगळीच भानगड होती. १९१६ साली स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की डाल्मेशियनच्या लघवीत युरिक ॲसिड फार आहे. आमच्या वयाच्या मंडळींना युरिक ॲसिड समजावून सांगायला नको. रिपोर्टात त्याचा आकडा वाढला की डॉक्टर मांसाहार आटोक्यात ठेवायला सांगतात आणि पायाचा अंगठा सुजला की गाउट म्हणतात. माणसात आणि मोठ्या वानरांत युरिक ॲसिड पुढे मोडण्याची सोयच उरलेली नाही. कुत्र्यांत ती आहे. त्यांचे यकृत युरिक ॲसिडचे रूपांतर पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थात करते. डाल्मेशियनच्या यकृतातही ते करणारा घटक असतो. पण युरिक ॲसिडला यकृताच्या पेशीत शिरण्याचे दारच बिघडलेले असते. मूत्रपिंडातही तेच दार हवे असते, तेही बिघडलेले. मग ते सारे लघवीत उतरते.

लघवीत उतरले की काहींचा मुतखडा होतो. सगळ्यांचा होत नाही, पण होतो त्यांत नर फार, कारण त्यांची मूत्रनळी अरुंद असते. खडा नळीत अडकला की लघवी बंद. कुत्रा कुंथतो, येरझारा घालतो, हात लावू देत नाही, आणि वेळेवर डॉक्टर मिळाला नाही तर मूत्राशय फुटून मरतो. मुतखड्याची कळ ज्यांनी सोसली आहे (आपल्या नात्यात तिघे तरी आहेत) त्यांना जास्त सांगायला नको. आपण निदान "पाठीत दुखतंय" म्हणू शकतो.

एका बिघडलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती आल्या तरच हा दोष दिसतो, हे पुढे मिश्र पिल्लांच्या अभ्यासातून कळले. डाल्मेशियन आणि दुसरा कुत्रा यांची पिल्ले अगदी व्यवस्थित असत. मग दोष नसलेले डाल्मेशियन निवडून त्यांचीच पैदास का केली नाही? कारण तसा एकही नव्हता. जातीतल्या झाडून सगळ्या कुत्र्यांत दोन्ही प्रती बिघडलेल्याच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे असे का झाले असावे, याबद्दल अभ्यासकांचा एक अंदाज आहे. स्वच्छ, मोठे, सुटे ठिपके असलेले कुत्रे पिढ्यान् पिढ्या निवडले गेले, आणि त्या ठिपक्यांच्या जनुकांबरोबर शेजारचे हे बिघडलेले जनुकही घरात आले.

अमेरिकेत इंडियाना राज्यात रॉबर्ट शायबल नावाचे आनुवंशशास्त्रज्ञ होते. १९७३ साली त्यांनी वहीच्या नियमाप्रमाणे करू नये ते केले. डाल्मेशियनची जोड एका पॉइंटरशी लावली. पॉइंटर हा अंगलटीने डाल्मेशियनच्या जवळचा कुत्रा, आणि त्याचे ते जनुक चांगले. एवढी एकच जोड. पुढे दर पिढीत त्यांनी पिल्लांच्या लघवीतले युरिक ॲसिड मोजले, ज्यांचे कमी आले तेवढीच ठेवली आणि त्यांची जोड पुन्हा शुद्ध डाल्मेशियनशीच लावली.

वर्गात असते तर फळ्यावर मांडले असते. पहिल्या पिढीत पॉइंटरचा वाटा निम्मा. दुसऱ्या पिढीत पाव. मग आठवा हिस्सा, मग सोळावा. पाचव्या पिढीत बत्तिसावा. म्हणजे बत्तीस भागांतले एकतीस भाग डाल्मेशियन. एवढ्या पिढ्यांत पॉइंटरचे बाकी सगळे गळत गेले, आणि जाणीवपूर्वक जपलेले ते एक चांगले जनुक मात्र टिकले. कुत्रे दिसायला डाल्मेशियनसारखे, स्वभावाने तसेच, आणि लघवी इतर कुत्र्यांसारखी निरोगी.

१९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने यातल्या दोन कुत्र्यांची डाल्मेशियन म्हणून नोंद केली. अमेरिकेच्या डाल्मेशियन क्लबच्या कार्यकारिणीची संमती होती. इथे गोष्ट संपायला हवी होती. रोग माहीत, कारण माहीत, उपाय सापडला, उपाय वहीत चढला.

पण सभासद खवळले. १९०५ पासून चालत आलेला त्यांचा क्लब. हे कुत्रे शुद्ध नाहीत, त्यांच्या अंगात पॉइंटर आहे, उद्या पॉइंटरचे रोग येतील, ठिपके बिघडतील, मुतखडा काय पाणी भरपूर पाजून आणि पथ्याने आवरतो, असे मुद्दे निघाले. अमेरिकन क्लबने पुढच्या नोंदी थांबवल्या. शायबल यांचे कुत्रे वहीबाहेर गेले ते गेलेच. मूठभर लोकांना हाताशी धरून त्यांनी पैदास चालू ठेवली. वहीत नाव नाही म्हटल्यावर ती पिल्ले घेणार कोण, वाढवणार कोण?

या लोकांना निव्वळ खलनायक ठरवणे मला जमत नाही. कुत्र्यांवर त्यांचे प्रेम होते. घरातल्या डाल्मेशियनसाठी पथ्याचे अन्न शिजवायचे, रात्री उठून त्याला बाहेर न्यायचे, दर थोड्या दिवसांनी लघवी तपासायची, गाउटच्या माणसाला देतात तीच ॲलोप्युरिनॉलची गोळी त्यालाही द्यायची, हे सगळे ते करत होते. पुन्हा खडा झाला तर शस्त्रक्रियेचा खर्चही करत होते. पण पुढच्या पिल्लाला हे काहीच लागू नये, यासाठी वहीत एक नाव चढवायचे म्हटले की त्यांचे मन तयार होत नव्हते. ज्या 'शुद्धते'साठी हे चालले होते तिचे वय त्या वेळी शंभर वर्षांच्या आसपास होते. त्याआधी याच जातीचे पूर्वज कुणाकुणाशी मिसळले होते याचा हिशोब कुणाकडेही नव्हता.

तीस वर्षे असेच चालले. कुत्र्याचे आयुष्य बारा-तेरा वर्षांचे. तीस वर्षांत डाल्मेशियनांच्या दहा-बारा पिढ्या सहज येऊन गेल्या असतील.

२००८ साल मात्र वेगळे निघाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये बीबीसीवर जेमिमा हॅरिसन यांचा 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड' हा माहितीपट दाखवला गेला. कवटी लहान पडल्याने वेदनेने कळवळणारे कॅव्हेलियर जातीचे कुत्रे, फेफऱ्याने झटके येणारे बॉक्सर, आणि त्याच जातींना प्रदर्शनात मिळणारी बक्षिसे. पाहणाऱ्यांना धक्का बसला. प्राणिकल्याणाच्या संस्थांनी क्रफ्ट्स या १८९१ पासूनच्या विख्यात प्रदर्शनाकडे पाठ फिरवली आणि बीबीसीनेही पुढच्या वर्षापासून त्याचे प्रक्षेपण थांबवले. २००९ साली ब्रिटनच्या केनेल क्लबने बाप-लेक, आई-लेक आणि सख्खी भावंडे यांच्या पिल्लांची नोंद बंद केली. म्हणजे तोवर ती होत होती! १८७३ पासून एकशे छत्तीस वर्षे. २०१० साली सर पॅट्रिक बेटसन या प्राणिशास्त्रज्ञांचा चौकशी अहवाल आला. नात्यातली पैदास आणि टोकाच्या रंगरूपाची हौस यांमुळे कुत्र्यांचे हाल होतात, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

२००८ सालीच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील डॅनिका बॅनॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाल्मेशियनचे ते बिघडलेले जनुक नेमके शोधून काढले. पस्तीस वर्षांपूर्वी शायबल यांनी फक्त लघवी मोजून जे जपले, ते आता साध्या तपासणीत दिसू लागले. वाद घालणाऱ्यांसमोर कागद ठेवता येऊ लागला की या कुत्र्यात दोष आहे आणि याच्यात नाही.

मग शायबल यांच्या वंशातली फिओना नावाची कुत्री अमेरिकेहून ब्रिटनला आली. २०१० साली केनेल क्लबने तिची डाल्मेशियन म्हणून नोंद केली. तिथल्या डाल्मेशियनवाल्यांनी विरोध केला, पण नोंद झाली, आणि २०११ साली ती क्रफ्ट्सच्या रिंगणात उतरली. त्या पॉइंटर पूर्वजाचा तिच्यातला वाटा हजारात एकाहूनही पुष्कळ कमी होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या डाल्मेशियन क्लबच्या सभासदांनी मतदान करून आपला विरोध मागे घेतला आणि जुलै २०११ मध्ये अमेरिकन केनेल क्लबची वहीही या कुत्र्यांना उघडली. १९८१ ते २०११. वनवास चौदा वर्षांचा, हा त्याच्या दुपटीहून अधिक.

आता कुणी म्हणेल, संकर केला की सगळे प्रश्न सुटले. तसेही नाही, आणि ते सांगितले नाही तर इतिहास अर्धा राहील. डाल्मेशियनमध्ये बहिरेपणा फार आहे. अमेरिकेत तपासलेल्या हजारो डाल्मेशियनांपैकी साधारण ३० टक्के एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले. त्याचा संबंध अंगावरच्या पांढऱ्या रंगाशी आहे, आणि पांढरा रंग हीच तर जातीची ओळख. पॉइंटरच्या एका जोडीने तो प्रश्न सुटला नाही. शिवाय पुन्हा पुन्हा डाल्मेशियनकडेच परतल्यामुळे जातीतले एकूण वैविध्यही फारसे वाढले नाही. एका जनुकापुरता उपाय झाला, एवढेच.

आणि नुसते सदोष कुत्रे गाळूनही भागत नाही. आफ्रिकेतल्या काँगो भागातला बसेंजी हा कुत्रा घ्या. अमेरिकेतले सगळे बसेंजी मोजक्या पूर्वजांपासून झालेले. त्यांच्यात तांबड्या पेशींचा एक आनुवंशिक रोग होता. १९७० च्या दशकात तपासणी निघाल्यावर मालकांनी दोषाची एक प्रत असलेलेही कुत्रे पैदाशीतून काढून टाकले. त्यांचा हेतू चांगला होता, पण आधीच लहान असलेला कळप आणखी लहान झाला, आणि मूत्रपिंडाचा दुसराच रोग डोके वर काढू लागला. इथे मात्र मालकांनी वेगळे केले. १९८७ आणि १९८८ साली त्यांच्यापैकी काही जण तेव्हाच्या झैरेच्या खेड्यांत गेले, तिथले गावठी बसेंजी घेऊन आले, आणि १९९० साली क्लबच्याच विनंतीवरून त्या कुत्र्यांसाठी वही उघडली गेली. ज्या कुत्र्यांना कुठलाही कागद नव्हता, त्यांनी कागदवाल्यांना आधार दिला.

आपल्याकडे हे सगळे परक्यांचे म्हणून सोडून देता येणार नाही. टीव्हीवर एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला (२००३ साल असेल) आणि घरोघरी पग हवा झाला. त्याचे ते चपटे नाक लाडिक दिसते, पण त्याच नाकाने आपल्या मे महिन्यात श्वास घ्यायचा असतो. दुसरीकडे आपले दख्खनचे शिकारी कुत्रे आहेत. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला मुधोळ हाउंड आणि त्याचा भाऊबंद कारवानी. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. आता या कुत्र्यांची प्रदर्शने भरतात, त्यांचीही नोंद होते. आपल्या मातीतल्या कुत्र्यांना मान मिळतो आहे याचा आनंदच आहे. फक्त त्यांची वही लिहिताना ती बंद करण्याची घाई नको. पिढ्यान् पिढ्या ते सशामागे धावले ते कागद पाहून नव्हे. ज्याचे फुप्फुस आणि पाय चांगले, त्याचीच पिल्ले धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी ठेवली.

पिल्लू घेणाऱ्यांना एवढेच सांगेन की वंशावळीच्या कागदावर चँपियन किती आहेत हे मोजू नका. एकच नाव दोन-तीनदा आलेले आहे का ते बघा. आजोबा आईकडूनही तोच आणि वडिलांकडूनही तोच असेल तर तिथे थांबा. आईबापांच्या कोणत्या तपासण्या झाल्या ते विचारा, त्यांचे आईबाप किती वर्षे जगले तेही विचारा. डाल्मेशियन घेत असाल तर या जनुकाची तपासणी आता होते, तिचा अहवाल मागा. आणि विकणारा म्हणाला की "अहो, एकदम प्युअर आहे", तर प्युअर कशावरून आणि कशासाठी, हेही विचारायला संकोच करू नका. गल्लीतले पिल्लू घरी आणलेत तर यातले काहीच विचारावे लागणार नाही. फक्त लसी वेळेवर द्या.

शायबल यांच्या त्या एका पॉइंटरच्या वंशातली डाल्मेशियन पिल्ले आता दोन्ही देशांच्या वह्यांत रीतसर आहेत. त्यांच्याकडे बघून कुणाला पॉइंटर आठवत नाही. ठिपके जागच्या जागी आहेत, आणि हे कुत्रे विनासायास लघवी करतात.